कार्टूनचं चेकिंग

आमच्याकडं कार्टून म्हणजे खोकं. तुम्ही हसाल, पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाऊन कुणालाही विचारा. टॉवेल भरायच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला तिथं कार्टूनच म्हणतात, आणि अठरा वर्षं मी तीच भरली. त्यामुळं सून नव्यानं कामावर जायला लागली आणि ऑफिसातून तिचा फोन आला, "आत्या, लईच रडत असली तर कार्टून द्या की तिला, गप्प बसंल," तेव्हा मी माळ्यावरचं एक रिकामं कार्टून काढलं, झटकलं आणि नातीपुढं ठेवलं. पोरगी दुपारभर त्यात बसली. घटकाभर त्याची गाडी झाली, घटकाभर घर. संध्याकाळी सून आली, बघितलं, आणि हसून हसून भिंतीला टेकली.

मग लेकानं मला टीव्हीतलं कार्टून दाखवलं. माझं कार्टून बरं होतं, असं मी तेव्हाच म्हटलं. आजही म्हणते.

नात चार वर्षांची. सकाळी बालवाडी, बारानंतर माझ्याजवळ. टीव्ही लावला की हूं की चूं नाही, ताटातला भात गार होईपर्यंत तोंड उघडं. मलाही सुरुवातीला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? हात मोकळे व्हायचे, भाजी निवडून व्हायची. ती काय बघते हे मी सहा महिने बघितलंच नाही.

मग एक दिवस तिनं शेजारच्या भाभींच्या पोरीच्या कपाळावर लाटणं हाणलं. हे टेंगूळ आलं! पोरगी भोकाड पसरून रडतेय आणि आमची वाकून तिच्या डोक्याभोवती काहीतरी शोधतेय. "उठ की. तुझ्या चांदण्या कुटं हायत?"

भाभी धावत आल्या. "क्या अम्मा, मारी सो मारी, उप्पर से हँस्ती बैठी!"

नात हसत नव्हती, वाट बघत होती. पण ते भाभींना काय सांगणार? मी बर्फ लावला, माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी नातीला मांडीवर घेऊन टीव्हीपुढं बसले. दहा मिनिटांत समजलं. एक प्राणी दुसऱ्याला हातोडा मारतो, तो पापडासारखा चपटा होतो, डोक्याभोवती चांदण्या फिरतात, आणि टुणकन उठून पुन्हा पळायला लागतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात सात लिहिलेलं आणि पुढं अधिकची खूण.

शाळेत मी दुसरीपर्यंतच होते. पुढचं वाचायला मी कार्टूनांवरच शिकले: माल कुठला, नग किती, साइज काय. खोक्यावर एक आणि आत भलतंच निघालं तर माल परत यायचा, आणि बोलणी मला बसायची. म्हणून त्या सातवरून माझी नजर हलेना.

संध्याकाळी लेक टेम्पो लावून आला, तेव्हा विचारलं, "चार मोठं का सात?"

"काय गं आये?"

"सात वर्षांच्या पुढच्याचं हाय ते. हिला का दाखवतूयास?"

"आता काय! कार्टून हाय ते. लहान पोरांचंच असतंय."

"कोण म्हणलं?"

"सगळी बघत्यात. तुला त्यातलं काय कळतंय?"

तिथं माझं डोकं फिरलं. म्हटलं, "कार्टून मला शिकवू नकोस. उजेडाला धरून बघितल्याबिगर एक टॉवेल मी आत जाऊ दिला न्हाय, तर हे जाऊ दीन व्हय?"

सून भाकरी थापत होती, तिनं मान खाली घातली. हसत होती की घाबरली होती, कळलं नाही. लेक चिडला. म्हणाला, महिनाभर बघू, पोरगी दिवसभर रडत बसली तर सरळ पाळणाघरात ठेवायची, उगीच तुझ्या जिवालाही ताप नको. मला ताप नको, असं म्हणाला. माझ्याकडून पोरगी काढून घ्यायची आणि वर माझीच काळजी!

मी म्हटलं, बघ महिनाभर.

नात बालवाडीत गेली की चष्मा लावून बसायची मी. एकेक कार्टून पहिल्यापासून शेवटपर्यंत. अर्धं बघून उठायचं नाही, कारण टॉवेलचा सुटलेला धागा नेहमी शेवटच्या काठाला असतो. चांगलं असलं तर पास. जरा इकडंतिकडं असलं तर सेकंड, म्हणजे मी शेजारी बसले तरच लावायचं. बाकी बाद. म्हातारीला टीव्हीचं वेड लागलं असं गल्लीत झालं. होऊ दे.

पास फार थोडी झाली. त्यातलं एक बदकाच्या पिलाचं, ज्याचा एक बूट हरवतो. सगळं घर तो शोधतं. बस, एवढंच. लेक म्हणाला, "यात काय घडतच न्हाय की!" अरे, चार वर्षांच्या जिवाचा बूट हरवला, आणखी काय घडायला पाहिजे?

चूक माझीही झाली. भजनातल्या बायकांनी देवाचं कार्टून सांगितलं आणि मी न बघता पास केलं. देवाचंच आहे, त्यात काय बघायचं? तिसऱ्या दिवशी नात देवघरापुढं जाईना. मला घट्ट धरून म्हणाली, "आजी, मी खोटं बोलले तर देव माझी बी मान कापंल?"

तिला उचलून मांडीवर घेतलं. ते कार्टून मी तिथल्या तिथं बाद केलं. बायका माझ्यावर तुटून पडल्या.

"देवाचं बंद केलंस? तू?"

"व्हय, मी. देव मोठा हाय, त्याला राग यायचा न्हाय. पोर लहान हाय."

त्यातल्या दोघी महिनाभर बोलल्या नाहीत माझ्याशी. एकीनं तर हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मी काही समजूत काढायला गेले नाही.

पहिले आठ दिवस नात रडली, हे खरं आहे. पाय आपटले, ताट सारलं. लेक रोज घरी आल्या आल्या विचारायचा, "आज किती येळा?" मी खरं ते सांगायची, पाच तर पाच. मग चारावर आलं, दोनावर आलं. एक दिवस तो विचारायचाच विसरला. भाभींची पोरगी पुन्हा आमच्यात खेळायला यायला लागली, आणि दोघी मिळून माझी चप्पल लपवून ठेवायला लागल्या. मी शोधायची. सापडली तरी शोधायची.

महिना संपला त्या रविवारी लेक घरीच होता. पाळणाघराचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. पोरीला जवळ घेऊन त्यानं मोबाइलवर काहीतरी नवीन लावलं. तिनं आपला एवढासा पंजा पडद्यावर ठेवला.

"हे आजीनं बघितलं न्हाय."

लेकानं मोबाइल थांबवला. सून आतून म्हणाली, "द्या की आत्यांच्याकडं."

"घे बाई," त्यानं मोबाइल पुढं केला. "किती येळ लागंल?"

मी चष्मा पुसला, पडद्याखालचा आकडा वाचला. "एकवीस मिनिटं. तवर तू चहा ठेव."