आबांना वाचून दाखवलेले मेसेज

आमच्या गावातल्या बायकांच्या मेसेजना कुलूप लावलं ते मी. हे सांगताना पूर्वी माझी मान जरा ताठ व्हायची. दहिवलीतल्या एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवते. आमचं गाव कळंबच्या पलीकडे, आणि गावात कुणाचा फोन अडला की तो फिरत फिरत माझ्याच हातात येतो. त्यामुळे गुरचरणीच्या प्रकरणात बायकांनी मला विचारलं, यात नवल काहीच नव्हतं.

गुरचरण म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला असलेली गुरं चारायची जमीन. ती सरकार कसल्याशा प्रकल्पाला देणार आणि लवकरच मोजणीची माणसं येणार, असं कळलं होतं. त्या दिवशी गुरं घेऊन तिथं जाऊन बसायचं, असं बायकांनी ठरवलं. भांडायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. यासाठी त्यांनी आधी जो ग्रुप काढला त्यात निम्मा तालुका भरला होता. त्यातलं बोलणं शब्दन्‌शब्द पोलीस ठाण्यात पोचलं आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीला तिच्या वरिष्ठ बाईंनी बोलावून घेतलं.

ही मैत्रीण गावातली अंगणवाडी सेविका. आम्ही एका बाकावर शिकलो. तिचं घर तिच्या मानधनावर चालतं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि त्या वरिष्ठ बाईंनाही ठाऊक होतं. "मानधन सरकारचं घेता आणि सरकारविरुद्ध बायका गोळा करता? पुन्हा कानावर आलं तर घरी बसाल," असं त्यांनी तिला चार जणींसमोर सुनावलं. तिथून ती थेट माझ्याकडे आली.

"असं काय नाय का गं, का आमी आपसात बोलू आनि सरकारला वाचताच येणार नाय?"

आहे, मी म्हणाले. आणि मग मला कोण चेव चढला.

पोरं घरी गेल्यावर अंगणवाडीतच आम्ही बसलो. भिंतीवर अननस, आगगाडी वगैरे चित्रं आणि खाली सतरंजीवर आम्ही दहा-बारा बायका. मी सगळ्यांच्या फोनवर दुसरं ॲप घातलं आणि समजावून सांगितलं: तुझ्या फोनमधून मेसेज निघतो तोच कुलूप लागून निघतो. किल्ली फक्त हिच्या फोनमध्ये. वाटेत कुणी पकडला तरी त्याला नुसता अक्षरांचा गोंधळ दिसणार. पोलिसांना दिसणार नाही, ॲपच्या कंपनीलाही दिसणार नाही. शिवाय आठवडा झाला की मेसेज सगळ्यांच्याच फोनमधून आपोआप पुसला जाणार.

"कंपनीला पन वाचता येत नाय?" एका काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग कंपनीला त्याच्यात काय मिळतं?"

मी घाईनं विषय बदलला आणि सगळ्यांना आकडे जुळवायला बसवलं. दोघींच्या फोनवर एकच लांबलचक आकडा आला तर मध्ये तिसरं कुणी नाही, हे पक्कं समजायचं. बायका गुडघ्याला गुडघा लावून एकमेकींना आकडे वाचून दाखवू लागल्या. कुणी चुकली की बाकीच्या हसायच्या. शेवटी मी शिक्षकी आवाजात नियम सांगितले. फोन पोरांच्या हातात द्यायचा नाही. कर्जतला जाताना शेअरच्या इको गाडीत बसून या विषयावर बोलायचं नाही. ग्रुपवरचं ग्रुपवरच ठेवायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या ग्रुपवर एक नंबर नव्हता, माझ्या वडिलांचा. आबा तीस वर्षं गावचे पोलीस पाटील होते. गावात काय चाललंय ते ठाण्याला कळवणं हे पोलीस पाटलाचं कामच, आणि त्यांनी ते उघडपणे, मानानं केलं. ते निवृत्त झाले तरी त्यांच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही. त्यामुळे हवालदार तेव्हाही आमच्याच ओट्यावर चहाला यायचा आणि गावातले तंटे तेव्हाही त्यांच्याकडेच यायचे. आबांना घेऊ नका, असं मला कुणी म्हणालं नाही. नुसता त्यांचा नंबर कुणी घातला नाही, मीही घातला नाही. त्यांना न विचारता गावात कधी काही ठरलं नव्हतं.

"बायकांचा नवीन ग्रुप झालाय म्हणे," ते एकदा म्हणाले. "बरं झालं." आणि चष्मा पुसत बसले.

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय, त्यामुळे बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. सकाळी चहाबरोबर मी त्यांना पेपर वाचून दाखवते, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम. एका सकाळी पेपर संपल्यावर मी फोन उघडला आणि ग्रुपवरचे मेसेजही वाचून दाखवले. घरचाच तर माणूस, असं मनाशी म्हटलं. त्यांचा चेहरा खुलला. मग रोजचंच झालं.

खरं सांगायचं तर मलाही त्यात मजा येत होती. मी प्रत्येकीचा आवाज काढून वाचायची. मैत्रिणीचा आवाज मला हुबेहूब जमतो. ती जन्माची खोडकर. एकदा तिनं लिहिलं, "मोजणीवाले आले का मी अंगणवाडीची सगळी पोरं घेऊन गुरचरणीवर सहलच काढते. साहेबाच्या मांडीवर एकेक बसवते. बघू कसा मोजतो." खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग होती. मी ते तिच्या हेलात वाचलं आणि आबा खोकला येईपर्यंत हसले. दिवसभर मध्येच आठवून हसत होते.

मोजणीची माणसं आली. बायका गुरं घेऊन बसल्या. अंगणवाडीचं एकही पोर तिथं नव्हतं. पोलिसांची एकच गाडी आली, तीही सावलीत उभी राहिली. माणसं "परत येऊ" म्हणून निघून गेली. आम्ही जिंकल्यासारखं वाटत असतानाच मैत्रिणीला नोटीस आली. अंगणवाडीतली बालकं आंदोलनात वापरण्याचा कट केला, सेवा समाप्त का करू नये, याचा खुलासा द्यावा.

ती नोटीस घेऊन थेट माझ्याकडे आली. "गंमत होती गं ती. तुला तर म्हाईत हाय." आता गंमत होती हे दाखवायला तो मेसेजच कुठं नव्हता. आठवडा उलटला होता, माझ्या कुलपानं आपलं काम चोख केलं होतं. ते हसरे चेहरे कुणाच्याच फोनमध्ये उरले नव्हते. मी एकेकीचा फोन घेऊन तपासला. सगळं जिथल्या तिथं होतं.

मग मी काय केलं? तिच्यावरच उखडले. "ॲपमधून बाहेर जाणं शक्य नाही. तूच कुठंतरी बोलली असशील. नवऱ्याजवळ, विहिरीवर. तुझ्या तोंडाला कुलूप कोण लावणार?" हे मी तिला सहा बायकांसमोर म्हणाले. तिनं पोरांची शपथ घेतली. मी म्हणाले, शपथेनं काय होतंय.

त्यानंतरच्या सोमवारी क्लासला सुट्टी होती. हवालदार चहाला आला. मी आत चहा गाळत होते.

"पाटील, ती तुमची सहलीची गोष्ट लय फिरली बघा," तो बाहेर म्हणाला. "मी साहेबांना गंमत म्हणूनच सांगितली. पन वरून विचारलं, कोण बोललं? सांगावं लागलं."

"अरं, साहेबाच्या मांडीवर पोरं बसवणार होती ती," आबा हसत म्हणाले. "मस्करी ती."

"मस्करीच. पन बाईंना नोटीस गेली ना."

आबांचं हसणं थांबलं. मी कप घेऊन दारातच उभी होते. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, विहिरीवरही नाही. तिचे शब्द तिच्याच आवाजात, तिच्याच हेलात मी या ओट्यावर आणून ठेवले होते. लाज वाटते म्हणजे काय होतं ते मला तोवर माहीत नव्हतं. कान आतून भाजतात. हवालदार चहा पिऊन, माझ्या चहाचं कौतुक करून गेला.

तो गेल्यावर मी आबांवर धावले. तुम्ही हे असं कसं केलंत, म्हणाले.

"तीस वर्षं हेच केलंय," ते म्हणाले. "आदी सांगितलं का गाड्या कमी येतात. बायका नुसत्या बसणार हायत, हात उचलणार नायत, हे मीच तर त्याला सांगत होतो. म्हणून एक गाडी आली. नायतर किती आल्या असत्या?"

"मला विचारायचं तरी होतंत."

"तू रोज वाचून दाखवत होतीस. मला वाटलं, सांगण्यासारखंच हाय म्हणून वाचतेस."

ते उठून आत गेले आणि दुपारी जेवले नाहीत.

खुलाशासाठी मैत्रिणीला कर्जतच्या कार्यालयात बोलावलं होतं. त्या दिवशी आबा सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून तयार. "मला ने तिथं," एवढंच म्हणाले. ठाण्यात कधी खोटं बोललो नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अभिमान. लग्नाकार्यात, बारशात, कुठंही ते सांगायचे आणि आम्ही कंटाळायचो. मला वाटलं, ते मस्करी होती असं सांगतील. पण नुसतं तेवढं पुरणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मस्करी म्हटलं तरी ती बोलली हे कबूल होतंच.

चौकशीच्या बाई टेबलामागे होत्या. मैत्रीण एका बाजूला उभी होती. हवालदारही आला होता. आबांनी हात जोडले.

"बाई, ते मीच हवालदाराला सांगितलं. पन माझं डोकं आता चालत नाय. कोण बोललं, का कोणीच बोललं नाय, मीच मनानं जोडलं, काय कळत नाय. लोकांना नावं ठेवतो उगाच. घरचे सांगत नायत कोणाला."

बाईंनी त्यांच्याकडे बारकाईनं पाहिलं. "आज वार कोणता, आजोबा?"

आबा बराच वेळ विचार करत राहिले. "बाजाराचा," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाय, ही म्हणते आज सण हाय."

त्या दिवशी बाजार नव्हता आणि सणही नव्हता. गावातला कुठला तंटा कुठल्या साली कुणापुढं मिटला, हे साक्षीदारांसकट सांगणारा माझा बाप, मान किंचित हलवत, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसला होता. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे कधीपासून?"

"वर्ष झालं असेल," मी म्हणाले. हवालदार खाली बघत राहिला.

मग त्यांनी मैत्रिणीला विचारलं, तुम्ही असं लिहिलं होतं का? तिनं स्वतः ते लिहिलेलं. आबांनी मनानं काहीही जोडलेलं नाही, हे त्या खोलीत तिला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. आणि ते त्यांच्या कानावर कुठून गेलं असणार, हे कळायला तिला वेळ लागला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"नाय," ती म्हणाली.

नोटीस मागे घेतली गेली. तिची अंगणवाडी चालू आहे. परत येताना मी आबांना म्हणाले, आजच तिच्या घरी जाते, सगळं सांगते, पाया पडते. ते म्हणाले, "तिला कळलंय. तू जाऊन सांगशील, तुला हलकं वाटंल. आनि कोणी विचारलं का तिला पुन्हा खोटं बोलावं लागंल." मी गेले नाही. ते म्हणाले म्हणून गेले नाही, असं मला म्हणायला आवडलं असतं.

आता गावात सगळ्यांना कळलंय की पाटलांचं डोकं गेलं. तंटे त्यांच्याकडे येत नाहीत. हवालदार रस्त्यानं हात करून पुढं जातो. माणसं आबांशी लहान मुलाशी बोलावं तशी बोलतात, कुणाचे कोण ते सांगून ओळख देतात, आणि आबा मध्येच चुकीचं नाव घेऊन त्यांचं समाधान करतात. दार लावलं की आम्ही दोघं पेपर वाचतो आणि ते मला कालच्या बातमीतली चूक दाखवून देतात. बायकांचा ग्रुप अजून आहे. मला कुणी काढलेलं नाही. त्यावर हल्ली फक्त सणांच्या शुभेच्छा येतात.

परवा हळदीकुंकवाला बायका आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. मैत्रीणही आली होती. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. एका काकूंनी हौसेनं तिला पुढं केलं, म्हणाल्या, बघू तरी आज वळखतात का.

ती त्यांच्यासमोर बसली. "आबा, मी कोण?"

तिच्या बारशाला तिच्या कानात कुर्र केलं तेव्हा आबा शेजारीच उभे होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि सावकाश विचारलं, "कोणाची गं तू?"

"मी अंगणवाडीतली, आबा," ती म्हणाली. मग मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या लेकीची मैत्रीण."

बायकांनीही माना माझ्याकडे वळवल्या.

"अलीकडे विसरतात ते," मी म्हणाले.