बुधवारच्या बायकांचा तक्ता

आमच्या मंडळीतल्या बायकांची मनं मी एकदा चार खिळे ठोकून भिंतीवर टांगली. आता हसू येतं. तेव्हा मात्र आपण प्रभूचं फार मोठं काम करतोय, असं वाटत होतं.

सत्तरच्या दशकातला नागपूरचा उन्हाळा. नवरा चर्चचा पाळक, आणि मी त्याची नवीकोरी बायको, मानसशास्त्रात एम.ए. झालेली. पदवी हाती आली की माणसं आतून दिसायला लागतात, अशी माझी समजूत. दर बुधवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत बायकांची प्रार्थना असे. खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की खोली हिरवट, ओली, तळ्याच्या बुडाशी गेल्यासारखी व्हायची. गायनंसुद्धा लांबून कुठून तरी येत. अर्ध्या बायका डोळे मिटून प्रार्थना करत, उरलेल्या डोळे मिटून झोपत.

त्या गुंगीतच मी चिठ्ठ्या वाटल्या. अडचण आली तर इथल्या कोणाकडे जाल, तिचं नाव लिहा. गटात एकटं कोण पडलंय ते असं कळतं, असं कॉलेजात शिकले होते. पाळकाने मग आधी त्या दारी जावं. कल्पना वाईट नव्हती, मी आगाऊ होते. चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येकीच्या नावाचा गोल, गोलांमधून बाण, असा मोठा तक्ता रंगवून त्याच खोलीत लावला.

एका गोलाकडे एकही बाण नव्हता. तो दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आयामावशींचा. त्यांनी पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, सगळ्यांना सलाम केला आणि निघाल्या. पुढचे दोन बुधवार त्यांची जागा रिकामी राहिली.

नवरा रागावला नाही. मावशींना ठाऊक होतंच, तू ते सगळ्यांना सांगितलंस, एवढंच म्हणाला. बायका मात्र माझ्यावर फिरल्या. मावशीकडे जायची वेळच कुठे येते, म्हणे. बाळंतपण असो की मयत, ती आपणहून येऊन चुलीपाशी बसलेली असते. माझ्या विद्वान चिठ्ठीला हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

तक्ता काढला आणि बसने मावशींच्या घरी कामठीला गेले. मावशी दारात सूप घेऊन लसूण सोलत होत्या. माफीचं भाषण पाठ करून गेले होते, त्यात ‘समूह’ तीनदा येत होता. पहिल्याच वाक्याला रडू फुटलं. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. किती वेळ सोलत बसलो कोण जाणे. पांढरी सालं वाऱ्यावर अंगणभर तरंगत होती आणि मला ती दुपार संपूच नये असं वाटत होतं. शेवटी विचारलं, परत याल ना?

त्या सुपावरची नजर न हटवता म्हणाल्या, “कागदावर मी एकटी होती, ते खरं हाय. पण तू तं कागदावरच नव्हती वं पोरी. बुधवारी आमच्यात बसशील, तं येतो मी.”