बाटीवरची परकी बोटं

लालीबाईला फसवणं सोपं नाही, हे महागावाकडच्या तिच्या तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. लग्नाकार्यात साऱ्या घरांतून आलेल्या भाकरींची चळत समोर आली, की ही बाई नुसता हात फिरवून सांगायची: ही जमनीची, ही धाकट्या जावेची, अन् ही कोणाची वं, काठ केवढा जाड ठेवला! भाकरीला त्यांच्या बंजारा लोकांच्या गोर बोलीत बाटी म्हणतात. थापणारीची बोटं बाटीवर उमटतात, आणि ती बोटं लालीबाईला वाचता येत. शाळेची पायरी न चढलेल्या बाईची ही एकच विद्या.

त्या विद्येपायीच यवतमाळात लेकाच्या घरी तिची शांती गेली. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरनं महिनाभर चूल, धूर, गॅस सगळं बंद सांगितलं, म्हणून सुनीलनं आईला आणून ठेवलं. येतानाच तिनं त्याला बजावलं होतं, "जिथं माह्यासाठी तवा तापत नाही, तिथं मी पाणीही पिणार नाही. आत्ताच सांगून ठेवलं."

बोलण्यात तोरा होता, पण पोटात भीती होती. म्हातारी लेकाच्या घरी ओझं झाली, हे तिला तोंडानं कोण सांगणार? ते ताटातच कळतं, असं तिचं गणित.

सून वर्षा एसटीत कंडक्टर. पहाटेच्या पहिल्या गाडीवर ड्युटी, ती दुपारी तीनला परत. साडेदहाला सुनील दुकानातून घरी येऊन आईसमोर ताट ठेवायचा. "खाय याडी, वर्षानं जाताना करून ठेवल्या." याडी म्हणजे आई. पहिला आठवडा ठीक गेला. मग एक दिवस लालीबाईचा घास हातातच राहिला. बाटीवरची बोटं वर्षाची नव्हती.

वर्षाचा अंगठा काठाशी खोल बुडतो. ही बाटी सपाट, गुळगुळीत. थापणारीला घाई ठाऊक, माया नाही. बरं, पहाटेची बाटी साडेदहाला गरम कशी? अन् गरम म्हणावी, तर चार घास होईस्तोवर चामड्यासारखी चिवट. शिळी बाटी पाणी मारून तव्यावर टाकली की अशीच होते. लालीबाईच्या सासरचे जुने लोक बैलांवर माल लादून मुलुखभर फिरलेले. तीन-तीन दिवसांच्या बाट्या पुन्हा खाण्याजोग्या करायची कला घरात सासूपर्यंत चालत आली होती. हिला काय शिकवता?

म्हणजे सूनबाई विकत आणतात! मनात किडा शिरला तो शिरलाच. शेजारच्या वच्छलाबाईनं कुंपणावरून "कशी हाये तब्येत?" विचारलं, तर हिला वाटलं, हीच थापून देत असेल, म्हणून अंदाज घ्यायला आली. चार दिवस तिच्याशी बोलली नाही. बिचाऱ्या वच्छलाबाईला आपला गुन्हा काय, तेच कळेना.

एका संध्याकाळी तिनं वर्षाला सरळच विचारलं, "आजची बाटी कोणी केली वं?"

वर्षानं आधी सुनीलकडं पाहिलं. मग म्हणाली, "मीच केली, याडी."

तेवढी नजर पुरे होती. लालीबाईनं पिशवीत कपडे भरले. उद्या रंगेहाथ धरायचं अन् महागावची गाडी पकडायची.

सकाळी सुनील दुकानात जातो म्हणून निघाला. लालीबाई पुढच्या खोलीत तोंडावर पदर घेऊन घोरायला लागली. खोटं घोरणं तिला फार छान जमतं. दहाच्या सुमाराला मागचं दार वाजलं. मग नळ, मग तवा, मग ओल्या फडक्याची चर्र. वर्षा ड्युटीचं नाव सांगून घरातच दडते की काय? भिंत धरत धरत ती स्वयंपाकघराशी गेली.

ओट्याशी सुनील उभा होता. बाजूला बस स्टँडजवळच्या भाकरी केंद्राची पिशवी. एक बाटी काढायचा, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून तव्यावर ठेवायचा, वर ताट झाकायचा. चाळीस वर्षांचा बाप्या. तांड्यात बाप्यानं तव्याला हात लावलेला लालीबाईनं जन्मात पाहिला नव्हता. इतके दिवस तिनं जगातल्या साऱ्या बायकांवर संशय घेतला, पण घरातला बाप्या ध्यानातच आला नाही.

"हे काय करून राह्यला तू?"

सुनील दचकला, ताट सावरायला गेला आणि अंगठा तव्याला टेकला. तसाच बोलत सुटला, "वर्षानं आठ दिवस केल्या, याडी. पहाटं तीनला उठून. एक दिवस तिकिटं देता देता उभ्यानंच झोप लागली, पडली गाडीत. मग मीच म्हटलं, इकत आणतो, गरम करून वाढतो. ती म्हणे, याडीले सांगून टाका. मीच नाही म्हटलं. तू निघून गेली असती."

लालीबाईनं तोंड उघडलं ते शिव्या द्यायला. निघालं भलतंच.

"लय पोळलं काय रे बापू? पाण्यात धर, पाण्यात."

तिनं स्वतः त्याचा हात नळाखाली धरला, फुंकर घातली. आपल्यासाठी लेकरू तव्याशी उभं राहिलं, म्हणून तिला भरून आलं. त्यात ऑपरेशनचा डोळा, रडायचीही सोय नाही.

मग तिला आपलंच बोलणं ऐकू आलं. मागच्याच आठवड्यात वर्षाच्या मनगटाला असाच फोड आला होता. तेव्हा ही काय म्हणाली होती? "आजकालच्या पोरींले तवाही धरता येत नाही." आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं! हीच पिशवी वर्षाच्या हातात सापडली असती, तर हिनं अख्खा तांडा गोळा केला असता. लालीबाईला स्वतःची लाज वाटली. फार वाटली.

"पाणी लय मारतं तू, म्हणून चिवट होते," ती पाटावर बसत म्हणाली. "दोन थेंब बस झाले. आच बारीक ठेव, अन् झाकण काढायची घाई नको करू. वर्षाच्या दोन बाजूले ठेव, त्या ती आल्यावर गरम कर."

सुनील त्या दिवशी दुकानात परत गेलाच नाही. तीनला वर्षा आली, ओट्यावरची पिशवी तिला दिसली, आणि ती दारातच थबकली.

"याडी, मी सांगणारच होती..."

"बस खाली."

लालीबाईनं खूण केली तसा सुनीलनं गॅस लावला. मऊ, वाफाळती बाटी वर्षाच्या ताटात पडली. तिनं तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. सासूकडं संशयानं पाहत राहिली.

"खाय ना. वीख नाही घातलं."

वर्षानं खाल्ला. मग दुसरा, मग तिसरा. लालीबाई तिच्याकडं बघत होती.

"मले रोज गरम भेटे. तू आल्यावर काय खायची?"

"तुमच्यातून उरे ते."

"गरम करून?"

"नाही, याडी," वर्षा म्हणाली. "त्या वक्ताले तुम्ही झोपल्या राहत होत्या. तव्याचा आवाज झाला असता."