धाकट्या जावेचं वजन

धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहते, मी खाली. लग्न होऊन आलो तेव्हा दोघीही काडीसारख्या होतो. साठी ओलांडेपर्यंत सारख्याच जाड झालो. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं, कारण सोबत होती. समारंभात फोटो निघू लागला की आम्ही आपसूक मागच्या रांगेत जायचो, एकमेकींना खेटून.

गुडघ्यांसाठी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तेही बरोबरच. त्यांनी दोघींना एकच सांगितलं. वजन उतरवा, पण सावकाश. या वयात उपाशी राहू नका, वरण, दही, अंडी पोटात जाऊ द्या आणि पायांत ताकद राहावी म्हणून हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा. मी सगळं ऐकलं. जावेनं फक्त 'वजन उतरवा' एवढंच ऐकलं. तिनं रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळची पोळी. दुपारी ताक आणि काकडी, की झालं.

आणि ती उतरली. ब्लाउज आत घ्यायला टाकले, जुने ड्रेस बाहेर काढले. पूर्वी ती वर चालली की मला खाली कळायचं, आता तिचा पायही वाजेना. मी रोज खुर्चीशी झुंजत होते आणि काटा जागचा हलत नव्हता.

काटोलला भाचीचं लग्न होतं. तिथे जो तो तिलाच विचारत होता, काय केलंस, आम्हालाही सांग. मी बाजूला सारलेल्या पत्रावळीसारखी उभी. फोटोच्या वेळी कोणीतरी तिला हात धरून पुढच्या रांगेत नेलं. तिनं वळूनही पाहिलं नाही. मागे मी एकटीच. परतताना गाडीत नवरा म्हणाला, "तिनं करून दाखवलं. तुले काहून नाही जमत?" माझ्या पोटात जे पेटलं होतं, त्याला भूक म्हणता आली असती तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात एका सकाळी ती गच्चीवर कुरडया घालायला गेली. मी अंगणात झाडांना पाणी देत होते. वरून हाक आली, ताई, जरा येता का. आवाज तिचा वाटेना. मी कठड्याला धरून दोन्ही जिने चढले. ती पसरलेल्या कापडाजवळ जमिनीवर बसलेली, हात पिठानं भरलेले.

"पडली का वं?"

"नाही ताई. बसली तं बसलीच. उठताच नाही येऊन राहिलं मले."

खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. मग मी तिच्या काखेत हात घातला आणि घाबरले. दंडावर मांस नव्हतंच, नुसती सैल कातडी हातात आली. मी खुर्ची आणली, तिला गुडघ्यांवर वळवलं, खुर्चीवर हात ठेवायला लावले आणि हळूहळू वर घेतलं. खुर्चीत बसल्यावर ती रडली. म्हणाली, चक्करही येते, पण सगळे इतकं कौतुक करतात, सांगू कोणाला?

डॉक्टरीणबाई रागावल्या. चरबीबरोबर स्नायूही गेले होते. आता तिलाही खुर्ची, वरण, अंडी. एकटीनं होत नाही म्हणाली, म्हणून रोज सकाळी ती खाली माझ्या बैठकीत येऊ लागली. उठताना पाठ कशी ठेवायची, श्वास कधी सोडायचा, हे मीच तिला शिकवलं. ते दिवस मला फार आवडले.

पण ते थोडेच टिकले. तिला भूक लागू लागली, गालांवर तकाकी आली आणि पावसाळा संपेपर्यंत ती माझ्याहून भराभर उठू-बसू लागली. तेही हातात वजन म्हणून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन. माझंही वजन थोडं उतरलं होतं, गच्चीपर्यंत न थांबता जाता येत होतं. परवा दोघी पुन्हा तपासून घ्यायला गेलो. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "कमाल केलीत." मला म्हणाल्या, "चांगलं आहे, चालू ठेवा."

रिक्षात ती आनंदानं बोलत होती. बर्डीच्या बाजारात मी रिक्षा थांबवली आणि पाण्याच्या दोन बाटल्या विकत घेतल्या, तिच्याहून मोठ्या.