कानसेनचा उजवा कान

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या माणसाला गल्ली कानसेन म्हणायची. सुट्टी मिळाली की स्वारी आपल्या जुन्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसायची. सायलेन्सर काढून त्याने सरळ पाइप बसवला, त्याला कित्येक वर्षं झाली होती. गाडी सुरू झाली की शेजारी धडाधड खिडक्या लावून घ्यायचे. मशीन लावून इंजिन जुळवणाऱ्यांना तो हसायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि ठिणगीची वेळ हळूहळू अलीकडे सरकवायची, ही त्याची पद्धत. तसं केलं की गाडी पळते झकास, पण वेळ जास्त सरकली तर आत खडखड सुरू होते आणि इंजिनाची वाट लागते.

त्या दिवशी त्याने ठिणगीची वेळ भरपूर सरकवली, तरी खडखडीचं नाव नाही. स्वारी खूश! एवढ्यात दारातून बायको ओरडली, "अहो, केवढं खडखडतंय ते! बंद करा आधी!"

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो खेकसला. ती हटेना, तेव्हा तिचं तोंड बंद करायला म्हणून त्याने मूठ डाव्या कानाला लावली. डब्यात खिळे खुळखुळावेत तसा आवाज आला. घाईघाईने परत उजव्या कानाला लावली, तर खडखड गायब.

त्याने इंजिन बंद केलं.

"काय बिघडलंय?" बायकोने जवळ येऊन विचारलं.

तिच्याकडे डावा कान करून तो म्हणाला, "इंजिन."