अण्णाच्या निबंधाची पोच

माझा थोरला भाऊ हयवदन, म्हणजे आमचा अण्णा, इथल्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. लग्न केलं नाही. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि रस्त्यानं पुटपुटत जायची सवय. बसवनगुडीतल्या आमच्या घराच्या माडीवर बसून त्यानं जे शोधलं, ते आज माझ्या नातीच्या संगणकाच्या पुस्तकात आहे. दुसऱ्याच्या नावानं आहे. म्हणून हे लिहायला बसले.

अण्णाचा विषय म्हणजे 'ठाऊक असणं'. मला एक गोष्ट ठाऊक आहे, हे तुला ठाऊक आहे का, आणि तुला ते ठाऊक असल्याचं मला कळलंय का, याचं गणित. मी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे ऐकायची शिक्षा मलाच.

"समज वसू, तू मैसूरला, मी इथं. वाटेतल्या मंड्याला भेटायचं, पण दुसरा नक्की येणार असेल तरच निघायचं. मी कार्ड टाकलं. पोचलं का?"

"मी उत्तर टाकीन की."

"ते मला पोचलं, हे तुला कसं कळणार?"

"तू पुन्हा टाक. अण्णा, एवढ्यात माणूस चालत मंड्याला जाऊन येईल!"

"कितीही कार्डं टाका, शेवटचं लोंबकळतच राहतं. तेच मी सिद्ध केलंय."

"मग माणसं भेटतात तरी कशी?"

"उगाच खात्री बाळगतात म्हणून," तो हसून म्हणाला.

चार वर्षं त्यानं यात घातली. एकसष्ट साली मागून आणलेल्या टाइपरायटरवर निबंध टाइप केला, चिन्हं हातानं काढली आणि परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला. छापून आला तर तिकडच्या एखाद्या विद्यापीठाचं दार उघडणार होतं. "इथं मला बोलायला तू एकटी," तो म्हणायचा. "तूही आता लग्न करून चाललीस."

माझं लग्न बासष्टच्या माघात होतं. चार दिवस राहिले असताना पोस्टमननं अण्णाच्या नावाचं पाकीट माझ्या हातात दिलं. वर परदेशचं तिकीट. माझे होणारे यजमान उमाकांत यांना तिकिटं जमवायचा भारी नाद. मी तिकिटासकट कोपरा फाडून घेतला, पाकीट ओसरीवरच्या फळीवर ठेवलं आणि शिंप्याकडे पळाले.

आमच्याकडे कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. आणि सुतक लागतं ते बातमी कळल्यावर. कळलीच नाही, तर नाही.

निबंधाबद्दल अण्णा काही बोलला नाही. मी समजले, नकार आला असणार. दुखऱ्या जागी बोट कशाला लावा? तो समजला, काही आलं असतं तर वसूनं सांगितलं असतं. मी मल्लेश्वरमला सासरी गेले.

दिवाळीला माहेरी आले, तर अण्णा ओसरीवर बसलेला, हातात पत्र. हे कॉलेजच्या पत्त्यावर आलं होतं. त्यात लिहिलं होतं: तुमचा निबंध आम्ही घेतला होता, एका पायरीचा खुलासा तीन महिन्यांत मागितला होता, उत्तर नाही म्हणून तुम्ही तो मागे घेतलात असं धरलं. आता तोच निष्कर्ष दुसऱ्या एकाकडून आला असून छापायला गेला आहे.

"पहिलं पत्र आलं होतं का गं?"

मी पाकिटाचं सगळं सांगितलं. तो उठून आत गेला. मी मागोमाग. अम्मा कोथिंबीर निवडत होती.

"अम्मा, वसूच्या लग्नाआधी कोपरा फाटलेलं एक पत्र आलं होतं?"

"आलं होतं की! इंग्रजीत. चिमट्यानं उचललं, न वाचताच न्हाणीत हंड्याखाली घातलं आणि डोक्यावरून पाणी घेतलं. चार दिवसांवर लग्न, तेव्हा कुठलं सुतक धरत बसता? कुणाकडचं होतं, देवाला ठाऊक. का रे?"

अण्णानं हातातलं पत्र घडी करून खिशात घातलं.

"सहज. बरं केलंस."

"मग! तुम्हा शिकलेल्यांना एवढंसुद्धा सुचलं नसतं."

माडीवर गेल्यावर मी म्हटलं, "त्यांना लिही. खरं काय ते कळव."

"काय लिहू? आईनं सुतकाच्या भीतीनं जाळलं?"

"निदान तिला तरी कळू दे!"

"नाही. तुझं लग्न पार पडावं म्हणून तिनं ते केलं. कळलं तर उरलेला जन्म ती त्या हंड्यासमोर बसून काढील. शपथ घे, वसू."

मी घेतली. मला क्षमा केली का, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्यानंतर त्यानं कॉलेजातली भूमिती तेवढी शिकवली. माडीवर जाणं बंदच केलं.

सदुसष्टच्या पावसाळ्यात काविळीनं तो गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

भेटायला येणाऱ्यांना अम्मा एकच सांगायची. "चार वर्षं लिहीत होता हो. परदेशच्या त्या मेल्यांनी माझ्या पोराला साधं उत्तरसुद्धा धाडलं नाही. त्याच दुःखानं खंगला." बायका माना हलवायच्या. मग माझ्याकडे वळून म्हणायची, "विचारा हिला. हिला सगळं ठाऊक आहे."

"हो," मी म्हणायची. "नाही पाठवलं उत्तर."

तेरा दिवस मी हेच म्हणत होते. त्यानंतर अम्मा अकरा वर्षं जगली.