थंड इंजिनावरच्या अकरा फेऱ्या

नोव्हेंबरातला शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम एकवीस हजार चारशे रुपये. नवीन ईजीआर वॉल्व बसवण्यासाठी सर्विस सेंटरने लिहून दिलेला हा अंदाज. हजर माणसं तीन: मी, माझी बायको आणि गाझियाबादमधल्या आमच्या सोसायटीपासून दोन किलोमीटरवर डिझेल गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री.

ईजीआर वॉल्व म्हणजे एक झडप. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुरातला थोडा धूर ती परत इंजिनात सोडते, त्यामुळे विषारी वायू कमी निघतात. अंदाजाचा कागद हाती येईपर्यंत मी हे नाव ऐकलंही नव्हतं.

ऑफिसला जाता-येता आमची गाडी बायकोच्या हातात महिनाभरात चार वेळा बंद पडली होती. एकदा यमुनेच्या पुलावर, मागे हॉर्न वाजवणारी रांग. ती सांगायची, गाडीतच काहीतरी बिघडलंय. चारही वेळा मी तिला एकच म्हणालो, "क्लच लवकर सोडत असशील." ती सतरा वर्षं गाडी चालवते आहे.

एवढं बोलून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तपासणी केली. चार रविवार, सकाळी सहाला, रस्ते मोकळे असताना मी एकूण अकरा छोट्या फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीचे किलोमीटर, सिग्नलला उभं असतानाचे इंजिनाचे फेरे, सगळं वहीत लिहिलं. गाडी एकदाही बंद पडली नाही. वही मी तिच्यासमोर ठेवली. तिने शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि म्हणाली, "अक्षर छान आहे."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गाडी सर्विस सेंटरला घेऊन गेली आणि तो कागद घेऊन आली. मी म्हणालो, "पार्ट विकायला बसलेत ते." तिने किल्ली माझ्या पाकिटाशेजारी ठेवली.

"मी मेट्रोने जाईन," ती म्हणाली. "गाडी बंद पडायची मला भीती नाही. घरी येऊन तुला उत्तर द्यायचा कंटाळा आलाय."

दोन आठवडे ती मेट्रोने गेली. मग मीच तिला म्हटलं, एकदा मिस्त्रीला दाखवू, तूही चल. खरं सांगायचं तर झडप चांगली निघावी असं मला वाटत होतं.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि विचारलं, "कब बंद होती है?" मी वही काढली. तो वहीकडे न बघता म्हणाला, "चलाता कौन है?"

"मैं," बायको म्हणाली.

"तो मैडम, आप बताइए."

"पौन घंटा चलने के बाद. जाम में रेंगते-रेंगते जब रुकना पड़े, तब."

"और सुबह, ठंडी गाड़ी में?"

"कभी नहीं."

"बस, हो गया. ठंडे इंजन में ये वॉल्व खुलता ही नहीं." तो माझ्याकडे वळला. "सर, आपने कितने बजे देखी थी?"

"सुबह छह बजे."

"अजी, छह बजे तो ये सो रही होती है."

मला वाटलं बायको हसेल. ती हसली नाही.

पंचवीस मिनिटं इंजिन चालू ठेवून गरम केलं. मग मिस्त्रीने झडपेवरची बारीक रबरी नळी काढली आणि तिथे काटा असलेला छोटा हातपंप जोडला. पंप दाबून हवा ओढली की झडप उघडते, धूर आत जातो आणि इंजिन अडखळतं. सोडला की झडप मिटायला हवी आणि इंजिन सुरळीत व्हायला हवं. त्याने पंप दाबला, इंजिन अडखळलं. त्याने सोडला. इंजिन तसंच धडधडत राहिलं आणि सात सेकंदांनी बंद पडलं.

"हेच," बायको म्हणाली. "अगदी असंच होतं."

मी आणखी दोनदा करून बघायला सांगितलं. एकदा झडप मिटली, एकदा पुन्हा अडकली. तीनपैकी दोनदा अडकली. वही मी परत गाडीत ठेवली होती, ती काढली नाही.

मग इंजिन बंद ठेवून त्याने पंप दाबून धरला. काटा पूर्ण एक मिनिट जागचा हलला नाही. म्हणजे आतला रबरी पडदा शाबूत होता. झडप नुसती अडकत होती, नवीन घेण्याची गरज नव्हती. वीसेक हजार वाचले हे मला आधी सुचलं. सुदैवाने बोललो नाही.

झडप बाहेर काढली तेव्हा तिच्या तोंडाशी करंगळीही जाईना, इतकी काजळी साचली होती. रबराच्या भागाला थेंबही न लागू देता मिस्त्रीने स्प्रे मारला आणि जुन्या टूथब्रशने घासत बसला. मधेच धुराच्या वाटेकडे बोट दाखवून म्हणाला, "चाहो तो पत्ती लगाकर रास्ता ही बंद कर दूँ. फिर कभी कार्बन नहीं जमेगा. लोग करवाते हैं."

मी किती पैसे लागतील ते विचारणार होतो. बायको आधी बोलली, "नहीं भैया. वो सारा ज़हर फिर हमारी ही बालकनी में आएगा."

"बात तो सही है," तो म्हणाला आणि पुन्हा घासू लागला.

सांध्यातून धूर गळू नये म्हणून नवीन गॅस्केट घालून झडप बसवली. पंपाची चाचणी सहा वेळा घेतली, सहाही वेळा मिटली. मी फिरवून आणतो म्हणून हात पुढे केला, तर किल्ली बायकोने आधीच घेतली होती. "जाममध्ये नेऊन बघायचीय. तू मागे बस." मिस्त्री पुढे बसला.

बाजाराच्या रस्त्यावर गाडी रांगत होती. तिसऱ्या सिग्नलला मी मागून म्हणालो, "क्लचचं मी चुकीचं बोललो."

"काय?"

"क्लच नव्हता. तू सांगत होतीस तेच होतं."

"हं. आता जरा गप्प बस, मला इंजिन ऐकू दे."

पन्नास मिनिटं आणि मी मोजलेले एकोणीस थांबे. एकदाही बंद पडली नाही.

मिस्त्रीला एकूण सोळाशे रुपये दिले: मजुरी अकराशे, स्प्रेचा डबा तीनशे वीस, गॅस्केट एकशे ऐंशी. पैसे तिने तिच्या फोनवरून दिले, आणि सोमवारी गाडी घेऊन गेली.